पथ्याची बिस्किटं

९ जानेवारी

काड्या,

चोरून खाते का म्हणे! मला विचारते, ती दवाखान्यातली आहारवाली पोरगी. मी म्हटलं, बाई गं, चोरून खायला घरात दुसरं कोणीतरी असावं लागतं. नवरा गेला, मूल नाही, मी एकटी राहते. मी जे खाईन ते उघडच. तर ती तोंड फिरवून हसली आणि माझ्या कागदावर पुन्हा तेच लिहिलं. ब्याऐंशी.

थंडी सुरू झाली तेव्हा ब्याऐंशी. थंडी मुरली तरी ब्याऐंशी. शहाण्णववरून खाली येताना कसं भराभर उतरत होतं, कपडे अंगावर लोंबायला लागले होते, लाँड्रीतल्या बायका विचारायच्या, काय गं, कोणी नजर लावली का. आणि आता काटा असा रुसून बसलाय की जसं मी त्याचं काही खाल्लंय. दवाखान्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून आमच्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींची गाठोडी ज्यावर मोजतात ना, त्या काट्यावर पण चढले. मुकादम ओरडला, "बाई, हा काटा मळक्या कपड्यांसाठी आहे." मी म्हटलं, मग मला मळकी समज आणि बाजूला हो. तिथे पण ब्याऐंशी. सगळे काटे एकमेकांना सामील.

तुला गंमत वाटत असेल. मला वाटत नाही. डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय, पंच्याहत्तरच्या खाली आलात तरच भावासाठी तुमची किडनी काढू, नाहीतर काढताना धोका आणि उरलेल्या एकीवर नंतर ताण. रक्त जुळतं, सगळं जुळतं, फक्त चरबी आडवी आलीय. आणि तू तिकडे दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला हात लावून पडून राहतोस.

बिस्किटांचा डबा पोचला. तेवढाच मला आधार. दुपारचं जेवण मी पूर्ण सोडलंय. चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि तुझी पथ्याची बिस्किटं, भूक लागली की परत दोन. तू ओट्सची करतोस आणि गोडी खजुराची, म्हणून मनाला टोचत नाही. पण डबा बांधताना भट्टीजवळचं फडकं वापरत जाऊ नकोस. या वेळचं इतकं तेलकट होतं की एका उकळीत निघालं नाही, सोड्यात घालून परत उकळलं. धुऊन पाठवतेय.

फोनवर तू हसून विषय बदलतोस, आणि मग तुझी बायको म्हणते ते झोपलेत. म्हणून कागदावर लिहिते. कागद झोपत नाही. तब्येत कशी आहे ते नीट कळव. "मजेत" लिहिलंस तर फाडून टाकीन.

ताई

२१ जानेवारी

ताई,

मजेत नाही, बरा आहे. आता फाडू नकोस.

मशीनचं तू उगाच मनाला लावून घेतेस. जातो, पडतो, शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर असतात, ते मला राजकारण समजावून सांगतात आणि मी झोपतो. परत येतो तेव्हा पाय जरा कापसाचे होतात, बस. बेकरी बायको बघते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पण हे तिला सांगू नकोस, पगारवाढ मागेल. मी टेबलाशी बसून वजनं करतो आणि सगळ्यांच्या चुका काढतो. म्हणजे मालकाचं खरं काम आता कुठे करायला लागलोय.

काटा अडकलाय तर अडकू दे गं. किती दमशील? शहाण्णवची ब्याऐंशी झालीस, पुष्कळ झालं. माणसाचा एक ठरलेला आकार असतो, तुझा हाच असेल. जन्मभर तुला असंच पाहिलंय. गल्लीतली पोरं आपल्याला काडी आणि पेटी म्हणायची, आठवतं? मी कडेवर, तू भरलेली, रुंद, आणि तो दवाखान्याकडे जाणारा चढ. मला ताप आला की तू मला तसंच उचलून न्यायचीस. वाटेत तीन ठिकाणी टेकायचीस. बटणांच्या दुकानाची पायरी, पाण्याची टाकी, आणि ते निळं फाटक. फाटकाशी टेकलीस की म्हणायचीस, "आता रडलास तर इथेच ठेवून जाईन." मी रडायचो, तू ठेवायची नाहीस. तापापेक्षा मला तुझ्या खांद्याचा साबणाचा वास जास्त आठवतो. अजून ते फाटक असेल का गं?

या वेळी बिस्किटं जरा जास्त पाठवतोय. जेवण सोडलंयस तर निदान ती पोटभर खा.

तुझा काडी

१६ फेब्रुवारी

काड्या,

गेले होते. तू विचारलंस म्हणून. सुट्टीच्या दिवशी दोन बसा बदलून आपल्या जुन्या गल्लीत गेले आणि चढाच्या खाली उभी राहून वर बघितलं. केवढा तो चढ! आपण दोघं मिळूनसुद्धा तेव्हा आजच्या माझ्याएवढे भरलो नसतो, तरी मी तुला घेऊन चढत होते म्हणजे कमालच. आता नुसती मी, रिकाम्या हातांनी, तर टाकीपर्यंत जाताना धाप लागली.

बटणांचं दुकान नाही. तिथे मोबाइलवाला आहे, पायरी मात्र तीच, मधे खोलगट झिजलेली. बसले तर दुकानातला पोरगा म्हणाला, मावशी, काय हवंय? मी म्हटलं, काही नको, माझी जागा आहे. टाकी आहे, पण पाणी येत नाही, वर झाड उगवलंय. फाटक आहे. हिरवं केलंय मेल्यांनी. एका कोपऱ्यात रंग उडालाय तिथे नखानं खरवडून बघितलं, आत निळं आहे.

आपली खोली असलेली इमारत उभी आहे. आपल्या खिडकीत कोणीतरी लाल टॉवेल वाळत घातला होता. आई ज्या खिळ्याला दोरी बांधायची त्याच खिळ्याला. मी खाली उभी राहून बघत बसले तर वरून एक बाई म्हणाली, कोण पाहिजे? काय सांगणार? म्हटलं, चुकले.

आता दर दोन दिवसांनी जाते. कामावरून सुटले की तिकडची बस धरते, चढ चढते, उतरते. पाय ओरडतात, ओरडू देत. वाटलं एवढं चालतेय तर काटा शरमेनं तरी हलेल. काल चढले काट्यावर. त्र्याऐंशी! वाढलं! आहारवाल्या पोरीनं आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ते जास्त लागलं.

२० फेब्रुवारी

वरचा कागद टपालात टाकायचा राहिला होता, बरं झालं.

तुझा नवीन डबा मी लाँड्रीत ठेवला होता. खाली कोरा कागद घातला होता. दुपारी डबा उचलला तर कागद काचेसारखा आरपार. इस्त्रीवाली शेजारी उभी होती, तिनं उचलून दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "अगं, यातून तर तुझं तोंड दिसतंय."

काड्या, मी शाळेत फार गेले नाही, पण लोणी कसं सांडतं आणि कसं पसरतं हे मला सांगायला नको. माझं सगळं आयुष्य लोकांच्या जेवणाचे डाग काढण्यात गेलंय. भट्टीजवळचं फडकं म्हणून मी तुला बोलले, फडक्याची काहीच चूक नव्हती. मी आज एक बिस्किट पाण्यात चुरून ठेवलं. वर पिवळा थर आला, बोटानं उचलून घेता येईल एवढा. आणि खजूर? खजुराचा एक तुकडा दिसला नाही. पिठीसाखर आहे ती.

मी दुपारचं जेवण सोडून हे खात होते. पथ्य म्हणून. भूक लागली की परत दोन. जास्त भूक लागली की परत चार. तुझ्या हातचं म्हणून.

हे का केलंस? विनोद करायचा नाही. सरळ लिही.

ताई

८ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आल्यावर ह्यांनी ते दोनदा वाचलं, उठले आणि पिठाच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन बसले. उत्तर लिहायला घेतात आणि कागद चुरगळतात. म्हणून मी लिहिते. त्यांना माहीत नाही.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. भट्टीसमोर उभं राहवत नाही त्यांना, पण तुमची बिस्किटं करायला मला हात लावू देत नाहीत. खुर्ची घेऊन बसतात, लोणी दुप्पट घालतात, आणि वरून दिसायला ओट्स दाबतात. पहिल्या वेळी मी म्हटलं, अहो, त्यांना वजन उतरवायचंय ना? तर म्हणाले, "तू गप्प बस, माझी ताई मला माहीत आहे." मी गप्प बसले. मला वाटलं लाडानं करतात. नंतर लक्षात आलं की लाड नाही, बेत आहे. तुमचा काटा खाली येऊ नये म्हणून चाललंय.

तरी मी गप्प बसले, वन्सं. माझ्यावर रागवा. पण मला काय मागावं हेच कळत नाही. मला नवरा हवाय. तुमचं काही जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही एका तोंडानं कशी मागू?

मशीनवरून आले की हल्ली जिना चढताना अर्ध्यात बसतात. मला म्हणतात, बुटाची नाडी सुटली. बुटांना नाडी नाही त्यांच्या.

तुमची,
भावजय

१९ मार्च

ताई,

सरळ लिहितो.

मला तुझी किडनी नको. तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, उलट जास्त हट्टाला पेटली असतीस. तू हट्टाला पेटलीस की काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. म्हणून मनात आलं, डॉक्टरच नाही म्हणू देत. वजन उतरलं नाही की गोष्ट आपोआप मिटेल, कोणी कोणाला दुखवायला नको. तू जेवण सोडशील आणि बिस्किटांवर राहशील हे मला माहीत नव्हतं. ते वाचून मला माझीच लाज वाटली. पण डबा थांबवला नाही, हेही खरं.

का नको ते सांगतो. तू चौथीत शाळा सोडलीस, मी शिकावं म्हणून. तुझी पेन्सिलपेटी मला दिलीस, आत अजून तुझं अर्धं खोडरबर होतं. मी वर्गात बसायचो आणि खिडकीतून तू दिसायचीस, आईबरोबर गाठोडं डोक्यावर घेऊन लाँड्रीकडे जाणारी. मी मान खाली घालायचो. मित्रांना कळू नये म्हणून नाही गं. मला वाटायचं, मी इथे तुझ्या जागेवर बसलोय. घरी ताटातला चांगला तुकडा तू माझ्याकडे सरकवायचीस. माझ्या लग्नात तू उभी राहिलीस, बेकरी काढली तेव्हा पहिल्या महिन्यात भांडी घासायला येऊन राहिलीस. आयुष्यभर तुझ्याकडून घेतच आलो. आता तुझ्या पोटात हात घालून अजून एक घेऊ? तू एकटी आहेस. दिवसभर ओल्या चादरी उचलतेस. उद्या तुला काही झालं तर तुझ्याकडे बघायला कोण आहे? एवढं एक तरी तुझं तुझ्याकडे राहू दे.

मी मशीनवर चालवून घेईन. पुष्कळ लोक चालवतात.

काडी

१ एप्रिल

काड्या,

पत्र वाचलं. उत्तर काट्यावर देते. तोवर वाट बघ.

डबे बंद.

ताई

२२ मे

ताई,

दोन महिने होत आले, तुझा कागद नाही. फोन केला तर "कामात आहे" म्हणून ठेवतेस. रागावली असशील तर रागाव, पण शिव्या तरी लिही. तुझ्या शिव्यांशिवाय टपालवाला नुसताच येऊन जातो.

इकडे शेजारच्या खाटेवरचे मास्तर गेले. परवा गेलो तर खाट बदललेली, दुसराच माणूस. मला त्यांचं राजकारण कधी पटलं नाही, पण मी त्या दिवशी झोपलो नाही.

त्या फाटकाचा रंग अजून हिरवाच आहे का, एवढं तरी सांग.

काडी

११ जून

काड्या,

हिरवाच आहे. परवा बघून आले.

आता गप्प बसून वाच. मधे उठायचं नाही.

तुझे डबे बंद केले आणि मला वाटलं, झालं, आता धाडकन उतरेल. कसलं काय. दोन आठवडे काटा त्र्याऐंशीवर ठिय्या मारून. मी त्या आहारवाल्या पोरीसमोर रडले. होय, मी. पिशवीत असलेल्या हॉटेलच्या डागाळलेल्या टॉवेलात तोंड खुपसून. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, ताई, तुम्ही दुपारी जेवत का नाही? मी म्हटलं, कमी खाल्लं तर कमी होईल म्हणून. तर म्हणाली, तुम्ही इतके महिने पोटाला इतकं घाबरवून ठेवलंय की ते आता कंजूष झालंय, येईल ते धरून ठेवतंय, आणि संध्याकाळी तुम्ही भुकेनं जे हाताला लागेल ते खाता. दुपारी नीट जेवा. अंडी, भाजी, डाळ, पोटभर. मला वाटलं पोरगी वेडी आहे, वजन उतरवायला जेवायला सांगते. पण हात टेकले होते, म्हणून ऐकलं.

दुपारी जेवायला लागले तशी संध्याकाळची ती वखवख गेली. लाँड्रीत गाठोडी ढकलगाडीवर घालायची ती मी हातानं उचलायला लागले. मुकादम म्हणाला, गाडी काय शोभेला आहे? मी म्हटलं, तू बस तिच्यात. आणि चढ रोज. आधी टाकीशी थांबायचे, मग फाटकाशी, मग थांबायची गरज पडेना. तरी काटा ढिम्म. आणि एका शनिवारी चादरींच्या काट्यावर चढले तर एक्क्याऐंशी. मी उतरले, परत चढले. एक्क्याऐंशी. इस्त्रीवालीनं अशी किंकाळी मारली की बॉयलरवाला पळत आला, त्याला वाटलं कोणी भाजलं. मग एकदा सुटला तो सुटलाच. काल दवाखान्यात पंच्याहत्तरच्या खाली भरले. डॉक्टरनं स्वतः वाकून बघितलं. सगळ्या तपासण्या झाल्यात, सगळं चांगलं आहे. म्हणाले, आता तुमच्या भावाला घेऊन या, दोघांनी समोर बसून सांगा की दोघं राजी आहात, मग तारीख देतो.

आता तुझ्या पत्राचं.

शाळा मी तुझ्यासाठी सोडली हे तुला कोणी सांगितलं? आईनं सांगितलं असेल, तिला सगळं देवळातल्या कथेसारखं करून सांगायची खोड होती. मला पाढे येत नव्हते. बाई मला रोज भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि मला त्या भिंतीवरचे पोपडे पाठ झाले, पाढे झाले नाहीत. आई म्हणाली, उद्यापासून लाँड्रीत चल, तर मी गल्लीभर उड्या मारल्या. खिडकीतून तुला मी गाठोडं घेतलेली दिसायचे, आणि मला तू दिसायचास, भिंतीकडे तोंड न केलेला. मी मनात म्हणायचे, बिचारा अडकला. तू इतकी वर्षं माझ्या उपकाराचं गाठोडं डोक्यावर वाहतोयस आणि मला त्याचा पत्ताच नाही! आणि शिकून तरी काय केलंस? पावच भाजलेस ना?

चांगला तुकडा तुझ्याकडे सरकवायचे ते खरं. तू इतका बारीक होतास की मला भीती वाटायची, रात्रीतून विझशील.

आता मला काय हवंय ते ऐक, कारण तू एकदाही विचारलं नाहीस. मी रोज त्या चढावरून जाते. मोबाइलवाल्या पोराला माहीत नाही तिथे बटणं विकायचे. लाल टॉवेलवाल्या बाईला माहीत नाही तो खिळा कोणी ठोकला. आई गेली, बाबा गेले, बटणवाला गेला, आपल्याबरोबरची पोरं कुठे कुठे पांगली. ते फाटक निळं होतं हे आता जगात दोघांना ठाऊक आहे, तुला आणि मला. तू गेलास की मी एकटी म्हातारी उरेन, हिरव्या फाटकासमोर उभी राहून "हे निळं होतं" म्हणणारी, आणि लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं. मला कोणी काडी-पेटी म्हणून हाक मारणारं नको असलं तरी, आपल्याला तसं म्हणायचे हे आठवणारं कोणीतरी हवं. ते बाजारात मिळत नाही. याला उपकार म्हणत नाहीत, माझा चोख स्वार्थ आहे. तुला माझ्यासाठी कधी काही करायचं असेल तर हे कर. जिवंत राहा.

आणि मला उद्या काही झालं तर बघायला कोण आहे असं विचारतोस? तू आहेस. तू असलास तर.

बुटाच्या नाडीचं मला कळलंय. बायकोला रागावू नकोस.

पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत फोनवर उत्तर पाहिजे. हो किंवा नाही, त्याखेरीज एक अक्षर नको, विनोद तर नकोच. शुक्रवारी सकाळच्या गाडीचं तिकीट मी काढलंय. हो म्हणालास तर छोटी पिशवी घेऊन येते आणि तुला डॉक्टरकडे घेऊन जाते. नाही म्हणालास तर ट्रंक घेऊन येते आणि तू हो म्हणेपर्यंत तुझ्या घरी राहते.

गुरुवार. दुपार. लक्षात ठेव.

ताई